कंपनीला नाकडोळे

गणपततात्यांना घरात मोठ्याने बोलताना मी कधी ऐकलं नाही. आमच्या ओट्यावर येऊन बसले की ते कुजबुजायचे. "वैनी, वाईच पाणी द्या" हेसुद्धा असं म्हणत, की नव्या माणसाला वाटावं काहीतरी गुपित चाललंय. गुपित कसलं आलंय! आवाज जपायचा, एवढाच हेतू. तो जपलेला आवाज उंब्रजच्या बाजारतळावर सभेत लागला की पार नदीच्या उतारापर्यंत जायचा, आणि गाडीतळावरची बैलं कान टवकारायची. एवढ्या काटकुळ्या अंगात तो राहत होता कुठे, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

लढाईचा काळ होता. आमच्या ह्यांच्याकडे एका विलायती कंपनीच्या रॉकेलची एजन्सी होती. पुढे रस्त्याला लागून वखार, मागे आमचं घर, आणि मधे एकच दार. त्यामुळे माझ्या स्वयंपाकाला बारा महिने रॉकेलचा वास. हे अंगाने भरलेले, गोरे, आणि बोलायला अगदी कमी. तात्या समोरच्या घरात राहायचे. ते मूळचे पलूसकडचे, पण सासुरवाडीला येऊन स्थायिक झालेले. त्यावरून मी त्यांना चिडवायची, की तात्या, जावई असून तुम्ही गावाला उपदेश करता, हे जरा जास्तच होतंय. ते हसायचे, पण हसतानाही आवाज नाही. नुसती गळ्यातली घाटी वरखाली व्हायची.

दोघांची दोस्ती कशी जमली याचं मला नवल वाटे. तात्यांना गप्प माणसं सोसत नसत, आणि हे तर तासन् तास गप्प. पण तात्या रोज येत. दाराकडे कधी पाठ करून बसत नसत. कुत्र्यांना भीत, म्हणून आळी ओलांडताना हातात एक छडी असे. खिशात ज्येष्ठमधाची काडी. सभा असली की सकाळपासून पोटात काही नाही, आणि निघायच्या आधी माझ्याकडून कढत पाण्याचा पेला मागून घ्यायचा, तो प्यायचा नाही, दोन्ही हातांत धरून बसायचं. एकदा पेला घेताना त्यांची बोटं माझ्या हाताला लागली. भर उन्हाळ्यात ती गार होती. मी विचारलं, की एवढी भीती वाटत असेल तर बोलायला जाता कशाला?

"बोलायचं भ्या न्हाई वाटत, वैनी," ते म्हणाले. "म्होरं माणसं गप बसली, तर त्याचं भ्या वाटतं."

ते मला तेव्हा नखरा वाटलं होतं.

तात्यांचं एक पूर्वायुष्य होतं आणि ते, सासरची माणसं सोडली तर, गावात फक्त आम्हा दोघांना ठाऊक होतं. लढाईच्या आधी एक चहाची कंपनी खेडोपाड्यांच्या बाजारांत फुकट चहा पाजत हिंडायची. गोऱ्या साहेबांची कंपनी, सांगलीत तिचं ऑफिस. गाडीवर तांब्याचा मोठा बंब, एक फोनोग्राफ, आणि गर्दी जमवायला एक मोठ्या गळ्याचा माणूस. तो माणूस म्हणजे तात्या. पलूस, तासगाव, पार मिरजेपर्यंतचे बाजार त्यांनी पालथे घातले होते. आमचे हे तेव्हा रॉकेलच्या कामासाठी सांगलीला जात, तिथे ओळख झाली. पुढे लढाई सुरू झाली, फुकटचा चहा बंद झाला, आणि कंपनीने गाडीसकट माणसंही काढून टाकली.

एका दुपारी माझ्या चुलीपुढे बसून तात्यांनी मला ती विद्या दाखवली. कंपनीनेच शिकवलेली. पहिला प्रश्न असा विचारायचा, की ज्याला कोणी नाही म्हणूच शकणार नाही. ऊन हाय का न्हाई? हाय. मग दुसरा. चालून पाय दुखत्यात का न्हाई? दुखत्यात. असे दोन-तीन होकार तोंडातून गेले, की पुढचा होकार आपोआप येतो. मग चहा म्हणा, काही म्हणा. हे सगळं ते कुजबुजत सांगत होते, आणि मी मुकाट्याने मान हलवत होते. शेवटी त्यांनी विचारलं, की वैनी, आता घोटभर चहा व्हायला हवा का नको? मी उठून आधण ठेवलंसुद्धा. मग दोघंही हसलो. त्या दिवशी मला त्यात भिण्यासारखं काही वाटलं नव्हतं.

गावात त्यांना वक्ते म्हणून कोणी आणलं नव्हतं. एका सभेला ठरलेला पाहुणा आला नाही, लोक उठायला लागले, तेव्हा कोणीतरी तात्यांना पुढे ढकललं. त्यांनी ऊन हाय का न्हाई म्हणून विचारलं आणि उठलेली माणसं खाली बसली. त्यानंतर बोलावणी थांबली नाहीत. आणि विषय? जे त्यांना पोटातून माहीत होतं तेच. कंपनी.

तात्यांच्या भाषणात चहाची निराळी, रॉकेलची निराळी, साबणाची निराळी अशा कंपन्या नसत. कंपनी एकच. "कंपनीला आई न्हाई, बाप न्हाई. गाव न्हाई, सोयरिक न्हाई. कंपनी मरत न्हाई, म्हणून तिचं सुतक बी कुणाला न्हाई." हे ऐकताना माझ्याही अंगावर काटा यायचा, आणि मी तर त्याच कंपनीच्या डब्यांवर जेवत होते. मग ते आवाज एकदम खाली आणत. "आशा ह्या कंपनीला कुणी डोळ्यानं बघितलंय का?" सगळा बाजारतळ ओरडायचा, "न्हाई!" आणि तात्या म्हणायचे, "मग भांडायचं कुणासंगं?" तिथे टाळ्या.

यातलं खोटं काय होतं? काहीच नव्हतं. रॉकेल खरंच मिळत नव्हतं. आमच्या वखारीपुढे बाया बाटल्या घेऊन सकाळपासून बसत आणि रिकाम्या परत जात. पलीकडच्या घरातली सून अंधारात बाळंत झाली. माल का येत नाही हे ह्यांनाही ठाऊक नव्हतं. कंपनी म्हणजे आम्हाला तरी काय माहीत होती? दारावरची पत्र्याची पाटी, आणि महिन्या-दोन महिन्यांनी सांगलीहून येणारा एक इन्स्पेक्टर. त्याच्या वर कोण, त्याच्या वर कोण, हे विचारलं तर तो इन्स्पेक्टरही खांदे उडवायचा.

हे एकदाच तात्यांशी यावर बोलले. म्हणाले, की तुझं भाषण चांगलं असतं, पण लोक ऐकून घरी जातात ते रागावलेले नाही, नुसते खूश होऊन जातात. मला वाटतं, ही गोष्ट ह्यांनी बोलायलाच नको होती. तात्यांना ती लागली. ते छडीने जमीन टोकरत बसले. मग म्हणाले, "लांबच्या गोष्टीचा राग येत न्हाई, दत्तू. राग याया नाकडोळं लागत्यात."

आणि पंचमीला त्यांनी कंपनीला नाकडोळे दिले.

आमच्याकडे रंगपंचमीला सोंगं काढायची पद्धत होती. बैलगाड्या सजवायच्या, कोणी राक्षस व्हायचं, कोणी फौजदार, कोणी म्हातारा नवरदेव. आजूबाजूच्या खेड्यांतून माणसं बघायला यायची. त्या वर्षी तात्यांच्या डोक्यात कंपनीचं सोंग आलं, आणि कंपनी व्हायला आमच्या ह्यांच्याइतका जाडा, गोरा माणूस पंचक्रोशीत दुसरा नव्हता. मला ते पटलं नाही. पण ह्यांना तात्यांना नाही म्हणणं जमायचं नाही. साहेबी टोपी आली, कोटाच्या आत माझी उशी बांधली, गालांना कुंकू फासलं. गाडीत खुर्ची मांडली आणि मांडीवर रॉकेलचा रिकामा डबा दिला. पुढे तात्या, त्या मोठ्या गळ्याने. "कंपनी बगायची का न्हाई?" "बगायची!" "तोंड रंगवायचं का न्हाई?" "रंगवायचं!"

लोक हसून लोळत होते. मीही हसले, खोटं कशाला बोलू. रंग झाला, शेण झालं, मग चिखलाचे गोळे आले. हे डबा वाजवत होते, पोट हलवून दाखवत होते. मी ह्यांना इतकं मोकळं कधी पाहिलं नव्हतं. गाडी वेशीपर्यंत गेली आणि परत आली.

घरी आल्यावर मागच्या अंगणात मी ह्यांना आंघोळ घालत होते. पाणी लाल, लाल, लालच. बाकी अंगावरचा रंग निघाला तरी डाव्या कानाच्या वरून लाल पाणी येतच राहिलं. मी केस बाजूला केले तर खोक. कोणीतरी चिखलात दगड घालून मारला होता. मी विचारलं, की लागलं तेव्हा ओरडला का नाहीत? हे म्हणाले, ओरडलो होतो. लोकांना सोंगातलंच वाटलं.

तो दगड कोणी मारला ते आम्हाला कळलं नाही, आणि मला तेच जास्त भयंकर वाटत राहिलं. मारणारा आमच्याच ओळखीतला असू शकत होता, बाटली घेऊन येणारा, ह्यांना अण्णा म्हणणारा. संध्याकाळी तात्या आले. खोक बघितली. "सोंग हुतं गं बाई ते," एवढं म्हणाले आणि पाणी न मागता उठले. मला ते पहिल्यांदाच वैनी सोडून बाई म्हणाले होते.

त्यानंतर वखारीपुढची माणसं बदलली असं मला वाटू लागलं. ह्यांच्याकडे बघताना त्यांची नजर जरा जास्त वेळ टिकायची. हे म्हणायचे, तुझ्या मनाचे खेळ. असतीलही. पण मी रात्रीचं मधलं दार आतून लावायला लागले.

मग उन्हाळ्याच्या शेवटी तो बाजार आला. आदल्या दिवशी वखारीत गाडीभर डबे उतरले होते आणि ते सगळ्या गावाने पाहिले होते. पण माल सरकारी कामासाठी राखून ठेवायचा असा मामलेदाराचा हुकूम होता. ह्यांनी बायांना हात जोडून सांगितलं. हुकूम कोणाला दिसत नव्हता, डबे दिसत होते. मी बाजारात कांदे घ्यायला गेले होते. तात्यांची सभा होती, म्हणून बायकांच्या बाजूला जाऊन उभी राहिले.

त्या दिवशी गर्दी नेहमीची नव्हती. बाहेरगावची पुष्कळ माणसं होती, आणि हातांत रिकाम्या बाटल्या होत्या. तात्या नेहमीसारखे चढत गेले. आई न्हाई, बाप न्हाई. गाव न्हाई, सोयरिक न्हाई. मग आवाज खाली आणला. "आशा ह्या कंपनीला कुणी डोळ्यानं बघितलंय का?"

"बघितलंय की," मागून कोणीतरी म्हणालं. "पंचमीला. गाडीत बसलं हुतं."

लोक हसले. मग आणखी एक जण म्हणाला, व्हय, आमी बी बघितलंय. तिसऱ्याने आमच्या आळीकडे हात केला. हसणं विरत गेलं आणि कोणीच काही बोलेना. दोन-तीनशे माणसं तात्यांच्या तोंडाकडे बघत गप्प उभी राहिली.

मी तात्यांकडे बघत होते. त्यांना तेव्हा सगळं कळलं होतं, हे मी आजही शपथेवर सांगेन. चेहरा पांढरा पडला, घाटी वर गेली ती खाली येईना. आवं ते सोंग हुतं, एवढं म्हटलं असतं तरी लोक हसून बसले असते. ते म्हणायला त्यांनी तोंड उघडलं. पण समोर ती शांतता होती, आणि तिच्यापुढे हा माणूस कधी उभा राहू शकला नव्हता.

"मग?" तात्या म्हणाले.

तेवढंच. लोक आमच्या आळीकडे चालू लागले.

माझ्या हातातली पिशवी कुठे पडली मला आठवत नाही. मागच्या बोळाने धावत मी परसदारातून घरात शिरले तर तात्या माझ्याआधी पोचलेले, छडी नाही, पायात वहाण नाही. ह्यांच्या दंडाला धरून ओढत होते. मागच्या दारानं नदीकडं जा, म्हणत होते. हे हलेनात. ह्यांचं म्हणणं एवढंच होतं, की मी गेलो तर लोक वखार फोडतील, आत भरलेले डबे आहेत, एकाच्या तोंडात विडी असली तर आळी शिल्लक राहणार नाही, आणि पलीकडच्या घरात तान्हं मूल आहे. बाहेरून आवाज येऊ लागला होता. शब्द नव्हते, नुसता गलका जवळ जवळ येत होता. आता आपण विधवा होणार, हे एकच वाक्य डोक्यात फिरत होतं.

तात्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग वखारीत गेले, पुढचं दार उघडून बाहेर पडले आणि बाहेरून कडी घातली.

वखारीच्या दाराला मोठ्या फटी होत्या. त्यातून मला त्यांची पाठ दिसत होती, आणि पाठीपलीकडे माणसं. तात्यांनी त्यांचा तो आवाज लावला. "ऊन हाय का न्हाई?"

कोणी उत्तर दिलं नाही.

त्यांनी पुन्हा विचारलं. पुन्हा कोणी नाही. मग ते नेहमीच्या, साध्या आवाजात बोलू लागले. तो आवाज मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होते. दत्तूला मीच गाडीत बसवला, तो कंपनी न्हाई, मी खोटं बोललो. पुढचा एक जण म्हणाला, "तवा खोटं बोललास, मग आता खरं बोलतूस कशावरनं?" कोणाच्या तरी हातात पेटलेला पलिता होता. भर दुपारी त्याची ज्योत दिसत नव्हती, वरची हवा तेवढी थरथरत होती.

"कंपनीचा पगार मी खाल्लाय," तात्या म्हणाले. "च्याच्या गाडीवर मी हुतो. सांगलीच्या सायबानं मला बोलाया शिकवलं आन् त्येच मी तुमाम्होरं बोलतूय. दत्तू त्येल इकतो. मी तुमास्नी इकत हुतो."

गर्दीतला एक जण पुढे सरकला, तात्यांना नीट न्याहाळलं आणि म्हणाला, की व्हय, ह्योच त्यो, पलूसच्या बाजारात बघितलाय ह्येला.

लोकांना नाकडोळे मिळाले. माझ्या नवऱ्याऐवजी दुसऱ्याचे. त्या क्षणी मला सुटल्यासारखं वाटलं, ते मी लपवत नाही.

हे आतून दारावर धडका देत होते, तात्यांच्या नावाने ओरडत होते. कडी निघाली नाही. परसदाराने वळसा घालून पोचेपर्यंत आळी रिकामी होती. पलिता गटारात विझत पडला होता. तात्यांना ओढत गाडीतळाकडे नेल्याचं बायकांनी सांगितलं. हे तिथे पोचले तेव्हा माणसं पांगली होती, आणि तात्या एका गाडीच्या चाकाशी पडले होते. जिवंत होते. उजवा हात मोडलेला, एक कान फाटलेला, बरगड्या गेलेल्या. दुसऱ्या दिवशी त्यांच्या मेहुण्याने गाडीत गवत घालून त्यांना सांगलीला नेलं. आम्ही निरोप द्यायला गेलो. तोंडावरून धोतर ओढलेलं होतं आणि ते त्यांनी काढलं नाही.

ह्यांनी एजन्सी सोडली. इन्स्पेक्टर आला, पाटी उतरवून घेऊन गेला, आणि महिन्याभरात ती पेठेतल्या दुसऱ्या दुकानावर लागली. आमच्याकडे काय घडलं हे त्याने विचारलं नाही. कंपनीला यातलं काही कळलं असेल असं मला वाटत नाही. लोकही पुढच्या बाजारी नेहमीसारखे वागत होते. मी प्रत्येकाचे हात बघायची.

नंतर स्वराज्य आलं. आम्ही शेतीवर होतो, हळद लावली होती. ती विकायला हे सांगलीला निघाले तेव्हा मीही बरोबर गेले. हळदपेठेत सगळीकडे पिवळी धूळ. अडते आणि व्यापारी रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून भाव ठरवत होते. एका वखारीच्या कोपऱ्यात एक माणूस पोती शिवत बसला होता. डाव्या हातात दाभण. उजवा हात कोपरात वाकडा. फाटलेला कान आधी मला दिसला.

मी ह्यांना दाखवलं. ह्यांच्या चेहऱ्यावर एवढा आनंद मी पंचमीनंतर पाहिला नव्हता. "तात्या!" म्हणून मोठ्याने हाक मारून, हात वर करून हे जवळजवळ धावतच निघाले. त्यांच्या मागून, आपल्या कामाने, पाच-सहा हमाल त्याच बाजूला येत होते.

तात्यांनी वर पाहिलं. दाभण हातातून गळालं. त्यांनी दोन्ही हात डोक्यावर घेतले, गुडघे पोटाशी घेतले आणि पोत्यांच्या थप्पीला चिकटून ते लहान होत गेले. ओरडले नाहीत.

हे जागच्या जागी थांबले. हमालांना हाताने मागे सारलं. मग चार हात अंतर ठेवून तिथेच धुळीत खाली बसले. मी दाराशी उभी होते, पुढे जायचं मला धाडस होईना. हे हळूच म्हणाले, "तात्या, मी दत्तू."

हातांच्या आडून ती जुनी कुजबुज आली. "मागं किती जण हायती?"

"कुणी न्हाई, तात्या. ही आन् मी."

वाकडा हात हळूहळू खाली आला. दुसरा त्यांनी डोक्यावर तसाच धरून ठेवला.